मोठ्या डिकीची इलेक्ट्रिक गाडी घेण्याआधी: खानदेशातल्या कुटुंबानं पारख कोणत्या क्रमानं करावी

इलेक्ट्रिक गाडी घेताना बहुतेक घरं उलट्या टोकापासून सुरुवात करतात. आधी शोरूम, मग रंग, मग 'एका चार्जमध्ये किती जाते' हा प्रश्न, मग बुकिंग. घरच्या मीटरचा विचार गाडी दारात आल्यावर सुरू होतो, आणि डिकीत काय मावतं ते पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, कळतं.

इथला क्रम वेगळा आहे. आधी तुमचा वर्षातला सगळ्यात अवघड प्रवास, मग वीज, मग आकडेमोड आणि त्यानंतर शोरूम. परवडणारी म्हणजे इथे साधारण दहा ते वीस लाखांच्या दरम्यानची गाडी धरली आहे.

आधी गाडीच्या आकाराबद्दल. परदेशात ज्याला इस्टेट म्हणतात, म्हणजे छत मागपर्यंत सरळ नेलेली, लांब डिकीची आणि जमिनीला धरून चालणारी गाडी, तशी परवडणारी इलेक्ट्रिक गाडी आपल्याकडे विकायला नाही. ब्रिटनमध्ये एमजी ५ होती, ती इथे आली नाही. त्यामुळे तेच काम करणारी गाडी शोधावी लागते: पाच माणसं बसूनही मागे भरपूर जागा उरणारी एमजी विंडसर, तीन रांगांची किया कॅरेन्स क्लॅविस ईव्ही, किंवा डिकीत तडजोड चालत असेल तर टाटा नेक्सॉन ईव्ही. पारखण्याची रीत तिघींना सारखीच लागू पडते.

## टप्पा १: अवघड दिवस कागदावर मांडा

वही घ्या आणि गेल्या वर्षात कुटुंब गाडीनं कुठे कुठे गेलं ते आठवून लिहा. रोजचं ऑफिस, शाळा, बाजार एका ओळीत उरकतं, कारण त्यासाठी कुठलीही इलेक्ट्रिक गाडी पुरते. खरी यादी लांबच्या फेऱ्यांची असते. सप्तशृंगी गड, नाशिकला शिकणारा मुलगा, संभाजीनगरचं हॉस्पिटल, सुरतेतले नातेवाईक, कानबाईच्या सणाला गावी जाणारं सगळं खटलं.

त्यातला एक दिवस वेगळा काढा. आपल्याकडे तो बहुधा आखाजीचा निघतो. एप्रिल-मेचं ऊन, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास, गाडीत पाच माणसं, लेक माहेरी आलेली किंवा तिला आणायला निघालेले, आणि परतताना डिकीत आंब्याच्या पेट्या, पापड-कुरडयांचे डबे, गव्हाचं पोतं. एसी एक मिनिट बंद करता येत नाही. या दिवसाला जी गाडी पुरते ती वर्षभर पुरते.

प्रत्येक फेरीपुढे चार गोष्टी लिहा: एका बाजूचं अंतर, मुक्काम आहे की नाही, मुक्कामाच्या घरी अर्थिंगसह १५ अँपिअरचा सॉकेट आहे का, आणि रस्ता चढाचा की उताराचा. शेवटची गोष्ट कुणी लिहीत नाही. पण आपण तापीच्या खोऱ्यात राहतो. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे, संभाजीनगर साडेपाचशेच्या वर. अजिंठ्याच्या घाटानं जा नाहीतर चाळीसगावहून कन्नडच्या, साडेतीनशे मीटर चढणं आलंच. भरलेल्या दोन टनांच्या गाडीला एवढं चढायला सुमारे २ युनिट जादा लागतात, म्हणजे बारा-एक किलोमीटरची रेंज. येताना त्यातला बराच भाग परत मिळतो. नाशिककडेही हेच, सुरतेकडे उलट.

तपासा: यादीतल्या किती फेऱ्या एका बाजूनं २०० किलोमीटरच्या वर जातात? वर्षाला तीन-चार असतील तर लहान बॅटरी आणि वाटेत एक थांबा चालतो. दर महिन्याला दोन असतील तर मोठी बॅटरी घ्या, त्यात काटकसर करू नका.

## टप्पा २: घरची वीज, शोरूमच्या आधी

वीजबिल काढा. त्यावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. जुन्या घरांमध्ये तो एक-दोन किलोवॉटच निघतो. गाडीसोबत येणारा साधा चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे ३.३ किलोवॉट घेतो, भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर ७ किलोवॉटच्या पुढे. म्हणजे दोन्हींसाठी भार वाढवून घ्यायला महावितरणकडे अर्ज करावा लागणार. तो गाडी बुक करण्याआधी करा. फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आणि आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल कुठून न्यायची, हे दोन्ही आधी ठरवा.

मोठा चार्जर लागतोच असं नाही. ३८ युनिटची (माहितीपत्रकात किलोवॉट-तास, kWh लिहितात, ते हेच) बॅटरी २० टक्क्यांवरून पूर्ण भरायला साध्या सॉकेटवर दहा-एक तास लागतात. रात्री दहाला लावली की सकाळी आठपर्यंत तयार. पन्नास युनिटच्या पुढची बॅटरी असेल, किंवा रोज शंभराच्या वर धावणार असेल, तरच मोठ्या चार्जरचा हट्ट धरा.

यानंतर इलेक्ट्रिशियन बोलवा आणि त्याच्याकडून हे करून घ्या:

१. मीटरपासून चार्जिंगच्या जागेपर्यंत स्वतंत्र तांब्याची वायर. साध्या सॉकेटला ४ चौरस मिलिमीटर, मोठ्या चार्जरला किमान ६. अंतर जास्त असेल तर त्याहून जाड.

२. त्या लाइनला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच.

३. अर्थिंग. गावाकडच्या कित्येक घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे जमिनीत काही नसतं. फ्रिज आणि टीव्ही तक्रार करत नाहीत, गाडीचा चार्जर करतो: लाल दिवा लावून बसतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, खड्डा कोरडा पडतो, म्हणून पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग एप्रिलमध्ये पुन्हा मोजून घ्या.

गावच्या घरी मुक्काम ठरलेला असेल तर तिथेही हेच करून ठेवा, खर्च काही हजारांतच भागतो. गावठाणाच्या लाइनवर संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा चार्जिंग रात्री अकरानंतर लावा.

सावधान: शेतीपंपाच्या कनेक्शनवरून गाडी चार्ज करू नका. मंजूर कारणाखेरीज दुसऱ्या कामासाठी वीज वापरणं वीज कायद्याच्या कलम १२६ खाली येतं आणि दंडाची आकारणी होते. शिवाय ती थ्री फेज वीज पाळीनं येते, आज दिवसा तर पुढच्या आठवड्यात रात्री. तिच्या भरवशावर गाडी चालत नाही.

सावधान: एक्स्टेन्शन बोर्ड लावायचा नाही. चार्जिंग सुरू केल्यावर अर्ध्या तासानं प्लगला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर लगेच बंद करा आणि सॉकेट बदला.

आता खर्च. 'दीड रुपयात एक किलोमीटर' छाप हिशेब बाजूला ठेवा, आपलं बिल टप्प्यांनी चढतं. महिन्याला १,००० किलोमीटर धावलात तर चार्जिंगमधली गळती धरून सुमारे १७० युनिट लागतील. घरात आधीच १८० युनिट जळत असतील तर एकूण ३५० होतात. म्हणजे गाडीचे पहिले १२० युनिट १०१ ते ३०० च्या टप्प्यात आणि उरलेले ५० त्यावरच्या महाग टप्प्यात. त्या त्या टप्प्याचा दर, त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क असं धरून आकडा काढा. कूलर-एसीच्या महिन्यांत घरचीच युनिटं चढतात, तेव्हा मे महिन्याचं बिल वेगळं मांडा.

छतावर सोलर असेल तर हे गणित बदलतं. आपल्याकडे ऊन भरपूर, ३ किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी बारा-एक युनिट देतो आणि पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. गाडी आणि सोलर दोन्ही करायचं मनात असेल तर सोलर आधी करा, आणि त्याचा आकार गाडीची युनिटं धरून ठरवा.

## टप्पा ३: रेंजचा आकडा स्वतः काढा

माहितीपत्रकातला आकडा ठरावीक चाचणीतला असतो. विंडसरची ३८ युनिटची बॅटरी ३३२ किलोमीटर आणि ५२.९ युनिटची ४४९ असं कंपनी सांगते. हायवेवर ९०-१०० च्या वेगानं, भरल्या गाडीनं, मेच्या उन्हात तेवढं मिळत नाही. या आकाराच्या गाडीला तेव्हा एका युनिटमागे ६ किलोमीटर धरा. हिवाळ्यात, सावकाश चालवून जास्त मिळेल, पण आपण हिशेब आखाजीचा करतोय.

घरून १०० टक्क्यांनी निघून १५ टक्के शिल्लक ठेवायची, म्हणजे पहिल्या टप्प्याला बॅटरीचा ८५ टक्के भाग. वाटेत फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंतच भरायचं, कारण पुढचे वीस टक्के फार हळू भरतात. म्हणजे दुसऱ्या टप्प्याला ६५ टक्के.

३८ युनिट: पहिला टप्पा सुमारे १९४ किलोमीटर, पुढचा १४८.
५२.९ युनिट: पहिला टप्पा सुमारे २७०, पुढचा २०६.

हे वहीतल्या यादीशी ताडून पाहा. जळगाव ते नाशिक धुळे-मालेगावमार्गे अडीचशेच्या आसपास. लहान बॅटरीला वाटेत एक थांबा ठरलेला. मोठी बॅटरी कागदावर न थांबता पोहोचते, पण चढ धरला तर शेवटी हाताशी काही उरत नाही, आणि नाशकात उतरल्यावर गाडी लगेच कुठे चार्ज करणार हा प्रश्न राहतोच. थांबा तिथेही घ्याच, फक्त तो जेवणाच्या वेळी धुळ्यात घेता येतो, एवढा फरक. जळगाव ते संभाजीनगर एकशे साठच्या आत आहे, लहान बॅटरीलाही एका बाजूनं जमतं. त्याच दिवशी परत यायचं असेल तर तिथे चार्जिंग लागेल.

एसीचा बाऊ करू नका, पण तो हिशेबातून सोडूही नका. तापलेली गाडी थंड करताना तो २ किलोवॉटपर्यंत खेचतो, मग एकच्या आसपास स्थिरावतो. म्हणून निघण्याआधी दहा-पंधरा मिनिटं, गाडी प्लगला असतानाच, ॲपवरून एसी लावायचा. ती वीज भिंतीतून जाते, बॅटरीतून नाही.

## टप्पा ४: शोरूममध्ये माणसं आणि सामान घेऊन जा

एकट्यानं जाऊ नका. घरातली सगळ्यात उंच व्यक्ती, सगळ्यात म्हातारी व्यक्ती आणि मापाची टेप सोबत न्या. आजोबांचा पहिला प्रश्न 'गाडीमा कितला जण बसतीन?' हाच असणार, आणि तो बॅटरीच्या प्रश्नापेक्षा मोलाचा आहे.

मागच्या सीटवर आधी बसा. बॅटरी पायाखाली असल्यानं फरशी वर आलेली असते, गुडघे उंच राहतात आणि मांड्या अधांतरी. पाच मिनिटांत जाणवत नाही. वीस मिनिटं बसा, सेल्समनला चहा सांगू द्या. गुडघे दुखणाऱ्या आजीला स्वतःहून चढता-उतरता येतं का, नऊवारीचा काठ उंबऱ्यासारख्या पट्टीत अडकतो का, हे तिलाच करायला लावा. मागे एसीचे झोत आहेत का ते पाहा. काचेचं छत असेल तर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बसा. शोरूमच्या सावलीत ते छान दिसतं, खानदेशात मे महिन्यात त्याखाली बसायचं असतं.

मग डिकी. लिटरचा आकडा तुलनेपुरता ठीक: विंडसर ६०४ (मोठ्या बॅटरीची ५७९), नेक्सॉन ईव्ही ३५०, आणि कॅरेन्सच्या तिन्ही रांगा उघड्या ठेवल्या तर २१६. म्हणजे सात माणसं आणि सामान दोन्ही एकाच वेळी मावेल असं समजू नका. लिटरपेक्षा तीन मापं महत्त्वाची: दोन चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी, जमिनीपासून डिकीच्या काठाची उंची आणि दार उघडल्यावरची उभी मोकळीक. पन्नास किलोचं पोतं कमरेच्या वर उचलून आत टाकायचं असेल तर ते कोण टाकणार, हे आत्ताच ठरवा. शक्य असेल तर पापडाचा सगळ्यात मोठा डबा आणि आंब्याची पेटी सोबत न्या. शोरूमवाले हसतील, हसू द्या.

तपासा, वजन: एकूण वजनमर्यादेतून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, दोन्ही आकडे कागदपत्रांत असतात. बॅटरी जड असल्यामुळे उरणारी क्षमता दिसते त्याहून कमी असते. पाच मोठी माणसं साडेतीनशे किलो झाली. उरलेल्यात पोतं बसतं का ते पाहा. डिकी मोठी म्हणून हवं तेवढं भरायचं नसतं.

तपासा, स्टेपनी: काही इलेक्ट्रिक गाड्यांत सुटं चाक मिळत नाही, फक्त पंक्चरचं किट आणि पंप. शिवारात बाभळीचे काटे आहेत. काट्याला किट चालेल, टायरची बाजू फाटली तर नाही. स्टेपनी नसेल तर ती वेगळी घेता येते का, आणि ती डिकीतली किती जागा खाते, दोन्ही विचारा.

जमिनीपासूनची उंची पाच माणसं बसवून मोजा, रिकामी नाही. पाणंद रस्त्याला मधोमध जो गवताचा उंचवटा असतो तो नेमका बॅटरीच्या खोक्याखाली येतो. आयपी६७ असं लिहिलेलं असतं, म्हणजे बंद खोकं एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतं. ती साठवलेल्या पाण्यातली चाचणी आहे, नाल्याच्या वाहत्या पुरात गाडी घालायचा परवाना नाही.

## टप्पा ५: दुपारी दोन वाजताची टेस्ट ड्राइव्ह

सकाळी सातला, दोघांनी, पाच किलोमीटर चालवून काहीच कळत नाही. दुपारची वेळ मागा, पाच माणसं बसवा, किमान चाळीस किलोमीटर हायवेची परवानगी घ्या. बहुतेक ठिकाणी आधी नाही म्हणतात. घेणारे आहोत हे दिसलं की देतात.

निघताना ट्रिप मीटर शून्य करा. एसी २४ वर, वेग ९०. परत आल्यावर सरासरी वाचा. पडद्यावर किलोमीटरमागे १६० वॉट-तास दिसले तर १,००० ला १६० नं भागा: युनिटला सव्वासहा किलोमीटर. तिसऱ्या टप्प्यातल्या ६ च्या जागी हा आकडा घाला आणि हिशेब पुन्हा करा. जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तोंडावर असतो, म्हणून दोन्ही बाजूंची सरासरीच खरी.

धुळेकरांनी लळिंगचा चढ घ्यावा, चाळीसगावकरांना कन्नड घाट जवळच आहे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की गाडी स्वतः वेग आवरते आणि बॅटरी भरते. पण बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर हे जवळपास होत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावरून निघायचं असेल तर चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवा. वेग आवरणारी ही ओढ जोराची ठेवली तर मागे बसलेल्या मुलांना मळमळतं, ती कमी करून पाहा.

बॅटरीला पाण्यानं थंड ठेवणारी यंत्रणा आहे की फक्त हवेनं, हे विचारा. आपल्या उन्हात पाण्याचीच हवी. या एका मुद्द्यावर मी स्वस्त गाडीची शिफारस करणार नाही.

## टप्पा ६: चार्जर प्रत्यक्ष बघून या

ॲपवर हिरवा ठिपका दिसतो म्हणजे चार्जर चालू आहे असं नाही. तुमच्या नेहमीच्या दोन रस्त्यांवर सध्याच्या गाडीनं जाताना थांबून पाहा. गन (गाडीला लावायचा फास्ट चार्जरचा प्लग) सीसीएस२ प्रकारची आहे का, किलोवॉट किती, सावली आणि स्वच्छतागृह आहे का, रात्री कुणी असतं का. ६० किलोवॉटच्या चार्जरला दोन गन असतील तर दुसरी गाडी लागताच वीज विभागली जाते. ३० किलोवॉटवर २५ युनिट भरायला पाऊण-एक तास धरा, कडक उन्हात गाडी स्वतःच वेग कमी करते म्हणून थोडा जास्तच. तिथे उभ्या असलेल्या चालकाशी बोला, ॲपपेक्षा खरी माहिती तोच देतो.

प्रत्येक लांबच्या रस्त्यावर एकमेकांपासून लांब असे दोन वेगळे चार्जर ठरवून ठेवा. एकच असेल तर तो रस्ता अजून या गाडीचा नाही असं समजा.

सावधान: मे-जूनमध्ये रावेर-यावल पट्ट्यात वळवाची वादळं होतात, केळीच्या बागा झोपतात तसे विजेचे खांबही. त्या दिवसांत गाडी ४० टक्क्यांखाली येऊ देऊ नका. घरचा इन्व्हर्टर गाडी भरत नाही.

## टप्पा ७: कागद आणि पैसे

बॅटरीची वॉरंटी वाचा, ऐकू नका. आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर हा सर्वसाधारण आकडा. 'लाइफटाइम' लिहिलं असेल तर ती किती वर्षं, पहिल्या मालकापुरतीच का, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून मिळते, हे तिन्ही लेखी घ्या. बॅटरीचं काम जळगाव-धुळ्यातल्या सर्व्हिस सेंटरला होतं की गाडी नाशिकला न्यावी लागते, हेही. नंदुरबारकरांनी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा.

बॅटरी भाड्यानं घेण्याची योजना असेल तर कागदावर मांडा. विंडसर आली तेव्हा ते भाडं किलोमीटरला ३.५ रुपये होतं. महिन्याला १,२०० किलोमीटरला ४,२०० रुपये, वीज वेगळी. दरमहा किमान किलोमीटरची अट आहे का ते बघा. गाडी कमी चालत असेल तर ही योजना तुमच्यासाठी नाही.

विम्यात बॅटरी, चार्जर आणि उंदरांनी कुरतडलेली वायरिंग या तिन्हींचा उल्लेख हवा. धान्याच्या घरात गाडी उभी राहते तिथे उंदीर येतातच, आणि जाड नारिंगी केबल बदलणं स्वस्त नसतं. थर्ड पार्टी हप्त्यात इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के सवलत आहे, ती लावली का ते पाहा. राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे, पण आपल्या धुळे-नाशिक रस्त्यावरचा टोल त्यात नाही, तेव्हा तो खर्चात धरा.

गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी निर्मितीचा महिना आणि टायरवरचा आठवडा वाचा, चार्जर आणि केबल डिकीत आहेत का पाहा, आणि शोरूममध्येच साध्या सॉकेटला लावून चार्जिंग सुरू होतं का तपासा. १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली तर दार कसं उघडायचं, हे सेल्समनला करून दाखवायला सांगा. घरी आल्यावर पहिल्या रात्री प्लग लावून झोपायला जाऊ नका, अर्धा तास थांबा आणि प्लगला हात लावून बघा.